तांब्याच्या खाणीचं छत

राजूरला कपडे वाळत घालायची मोठी पंचाईत होती. वारा कोळशाच्या खाणीकडून आला की दोरीवरचे कपडे काळे व्हायचे आणि चुन्याच्या भट्ट्यांकडून आला की पांढरे. माझी माय बादली खाली ठेवून आधी अंगणात उभी राहायची, तोंड वर करून वारा बघायची आणि मग ठरवायची, आज बाबांचे कपडे टाकायचे की आम्हा पोरांचे शाळेचे. तरीही वारा मध्येच फिरायचाच. मी आणि माझा धाकटा भाऊ विजू, आम्ही दोघं एक बाही काळपट आणि एक बाही चुनकट असे शाळेत गेलेलो आहोत, आणि वर्गात निम्मी पोरं तशीच असल्यामुळे कोणी कोणाला हसत नसे. माय म्हणायची, "आपल्या घरी कपडे धूत नाईत वं, रंगवतात." असं म्हणून ती स्वतःच हसायची. पण तिच्या मनात एक दुसरी दोरी होती. ती वणीला, निर्गुडा नदीच्या अलीकडे, गयाबाई नावाच्या एका म्हातारीच्या रिकाम्या जागेवर बांधलेली होती. म्हणजे अजून बांधलेली नव्हती. जागा घ्यायची होती, घर व्हायचं होतं, मग दोरी. पण मायने ती कुठून कुठे जाईल हे कोळशाच्या तुकड्याने आमच्या खाणीच्या क्वार्टरच्या फरशीवर काढून आम्हाला कितीदा तरी दाखवलं होतं. इथे चूल, इथे न्हाणी, इथे शीलाचं, म्हणजे माझं, अभ्यासाचं फळकूट, आणि इथे दोरी. मग ओल्या फडक्याने ते सगळं घर पुसून ती स्वयंपाकाला लागायची.

घराचं हे वेड तिला कुठून लागलं ते सांगायला हवं. तिचं माहेर घाटंजीकडचं. तिचे आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे आणि त्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोपडी घालून राहणारे. एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर मालक आला आणि "उठा" म्हणाला. का ते त्याने सांगितलं नाही, आणि यांनीही विचारलं नाही. तिच्या बापाने झोपडीच्या बल्ल्या उपटून खांद्यावर टाकल्या, आईने चुलीचे निवलेले गोटे पदरात बांधले, आणि माय, तेव्हा सात-आठ वर्षांची, कोंबडी पोटाशी धरून मागे चालत राहिली. ही गोष्ट ती कधी रडत सांगायची नाही. फक्त "उठा" हा शब्द म्हणताना तिचा आवाज त्या मालकासारखा जाड व्हायचा, आणि आम्ही पोरं दचकायचो.

बाबा खाणीत टिंबर मिस्त्री होते. जमिनीच्या पोटात कोळसा काढून झाला की वरचं छत अधांतरी राहतं, त्याला लाकडाचे टेकू द्यायचं त्यांचं काम. पाळीचा भोंगा झाला की काही वेळाने ते घरी यायचे ते फक्त डोळे आणि दात घेऊन, बाकी सगळं काळं. माय सिगडीवर पाणी तापवून ठेवायची. आंघोळ झाली की ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार असं ताट पुढे घेऊन ते बसायचे, आणि जेवता जेवता खाणीतल्या गोष्टी सांगायचे. त्यातल्या दोन गोष्टी आम्हाला पाठ होत्या. एक, छत पक्कं आहे की नाही हे डोळ्यांनी नाही, कानाने कळतं. काठीने ठोकायचं. खणखण वाजलं तर छत चांगलं, बद्द वाजलं तर मागे फिरायचं. दुसरी गोष्ट, लाकूड इमानी असतं. छत बसायला लागलं की टेकू आधी करकरतो, चिरफाळतो, माणसाला पळायला वेळ देतो. "लाकूड आधी बोलते," बाबा म्हणायचे, "आन् ज्याले त्याचं बोलनं समजते तो घरी येते." ते रोज घरी येत होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं आम्ही खरं धरून चाललो होतो.

त्यांना हे ठोकून बघायचं इतकं अंगवळणी पडलं होतं की ते बाजारात मडकं ठोकायचे, टरबूज ठोकायचे, आणि कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी बसण्याआधी हात वर करून छताला दोन टिचक्या मारायचे. माझ्या मावशीच्या घरी मांडवाच्या दिवशी त्यांनी तसं केलं आणि वरून पालीसकट माती तिच्या सासऱ्यांच्या डोक्यावर पडली. माय पुढे वर्षभर मावशीकडे जायला लाजत होती.

तांब्याची खाण आमच्या घरात आली ती नरसय्याकाकांच्या तोंडून. नरसय्याकाका तेलंगणाकडचे, बाबांच्याच पाळीतले. त्यांचा सख्खा भाऊ दूर परप्रांतात, एका डोंगरातल्या तांब्याच्या खाणीत होता. त्या कंपनीचे शेअर कोणालाही घेता येतात, आणि घेतले की कंपनी दरवर्षी नफ्यातला वाटा घरपोच पाठवते, ही बातमी त्यांनी आणली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती आता कुठेच नाही, आणि असती तरी तिला आमची ओळख पटली नसती. त्याच सुमाराला खाणकामगारांच्या पगाराची जुनी थकबाकी एकदम हाती आली होती. आमच्या घरात एवढा पैसा त्याआधी कधी आला नव्हता. माय गयाबाईच्या जागेचं बोलायला वणीला जायच्या तयारीत होती, ठेवणीतलं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं, आणि बाबांनी तांब्याचं काढलं.

"जागा जागच्या जागीच राह्यते," बाबा म्हणाले. "ते काय दरसाल पैसे देते? हे देते. दोन वर्सं राहू दे तिथी, मंग जागा बी होईन आन् घर बी होईन."

"जागा पैसे देत नाई," माय म्हणाली, "पन ते उठ बी म्हनत नाई."

"माह्या रिटायरला लय टाइम हाय. तोवर कोन उठवते आपल्याले?"

"हातचं सोडून पळत्याच्या मांगं लागू नोका, एवढंच म्हनतो मी," माय म्हणाली.

बाबा हट्टी नव्हते, हे मला सांगायलाच हवं. तिचं म्हणणं त्यांना लागलं. म्हणून त्यांनी त्यांच्या परीने शहाण्या माणसाचं काम केलं. पैसे घालण्याआधी ते सुटी काढून स्वतः खाण बघायला गेले. नवा शर्ट, हातात छत ठोकायची ती नेहमीची काठी, आणि मायने बांधून दिलेल्या तिखटाच्या पुऱ्या. रेल्वे, मग बस, मग पायी. खाणीच्या फाटकावर चौकीदाराने अडवलं तेव्हा बाबा म्हणाले, मी तुमच्या कंपनीचा मालक होणार आहे, माल बघायला आलो. चौकीदार पोट धरून हसला. मग त्याने चहा पाजला, नरसय्याकाकांच्या भावाला बोलावून आणलं, आणि त्या भावाच्या ओळखीने बाबांना खाणीच्या तोंडातून आत थोडं चालू दिलं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या खिशात एक हिरव्या नसांचा दगड होता आणि चेहरा उजळलेला होता. दारातूनच त्यांनी मायला हाक मारली.

"शीलाची माय, ठोकून आलो! चार जागी ठोकलं. असं छत मी जिनगीत पाह्यलं नाई. पत्थर हाय पत्थर, खणखण वाजते. पैसा कुठीच जात नाई आता."

आज हे लिहिताना मला हसू येतं. शहरातला माणूस पैसे घालताना काय विचारतो ते मला पुढे कळलं. कंपनी कोणाची, तिच्यावर कर्ज किती, डोंगरात तांबं किती उरलंय. बाबांनी यातलं काही विचारलं नाही, कारण खाण बुडते म्हणजे छत बसतं, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्यांनी त्यांना येणारी एकमेव परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेत खाण पहिल्या नंबराने पास झाली. छताबद्दल ते चुकलेही नाहीत. ते छत शेवटपर्यंत पडलं नाही.

पुढची काही वर्षं आमच्या घरातली सगळ्यात गोड वर्षं होती, आणि हीच मला आता सगळ्यात जास्त टोचतात. दसऱ्याच्या आधी कंपनीचं पाकीट यायचं. पोस्टमन क्वार्टरच्या लायनीत शिरला की पोरं ओरडत पुढे धावायची, "शीलाच्या खाणीचं आलं, शीलाच्या खाणीचं आलं!" पाकिटात बँकेत वटवायचा कागद असायचा. बाबा तो मला वाचायला लावायचे, मी इंग्रजी शाळेच्या बाईंसारखी मान वेळावत वाचायची, आणि शेवटचा आकडा आला की विजू ताटली बडवायचा. मग आम्ही सगळे वणीला. आधी बँक, मग तर्री-पोहे, मग जिलेबी. त्यातूनच दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं भाडं निघायचं, विहारात थोडं दान जायचं, आणि तिकडच्या पुस्तकांच्या दुकानांतून माझ्यासाठी एक पुस्तक यायचं. पहिल्या वर्षी बाबांनी मायसाठी पाण्याला तांब्याचा गडवा घेतला. "आपल्या खाणीचं तांबं असन यात," असं म्हणून त्यांनी तो दुकानातच ठोकून पाहिला आणि दुकानदाराने डोक्याला हात लावला. वणीहून परतताना माय दरवेळी गयाबाईच्या जागेवरून वाट काढायची. काही बोलायची नाही. जागेत उगवलेलं गाजरगवताचं एखादं झुडूप उपटून टाकायची, दुसऱ्याच्या जागेतलं, आणि हात झटकत आमच्यात येऊन मिळायची.

दोन वर्षं झाली, तीन झाली. माय आठवण द्यायची आणि बाबा म्हणायचे, "देनाऱ्या झाडाले कोनी तोडते का वं?" आणि झाड खरंच देत होतं. दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा थोडं जास्तच.

मग ते वर्ष आलं. बाबांची निवृत्ती तोंडावर आलेली. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, हा खाणीचा नियम. आणि गयाबाईने मायला निरोप धाडला, की लेकाने तिला चंद्रपूरला बोलावलंय, जागा दिवाळीआधी विकायची आहे, पहिला हक्क तुझा. त्याच आठवड्यात कंपनीचं पाकीट आलं. मी आकडा वाचला आणि ताटली बडवायचं विजूच्या लक्षातच राहिलं नाही. वाटा दुपटीहून जास्त होता. बाबांनी तो कागद माझ्या हातातून घेऊन उलटा करून पाहिला, जणू मागे काही चूक लिहिलेली असेल.

त्या संध्याकाळी घरात मटण शिजलं. नरसय्याकाका जेवायला होते. सिगडीवर रस्सा रटरटत होता, माय भाकरी थापत होती, आणि पुरुषांचं ठरत होतं की एवढं देणाऱ्या कंपनीतून आत्ता बाहेर पडणं म्हणजे शुद्ध येडेपणा आहे. जागा काय, वणीत दुसऱ्या पुष्कळ मिळतील. भाकरीवरचा हात न थांबवता माय म्हणाली,

"एक इचारू का? आपल्या जुन्या खानीत पिलर काढले, त्या साली असाच बोनस आलता नं?"

हे पिलरचं राजूरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोळसा काढताना छत तोलायला कोळशाचेच मोठे खांब मागे सोडतात. खाण संपत आली की मग ते खांबही काढत काढत माघारी येतात. तेव्हा कोळसा बदाबदा निघतो, बोनस वाढतो, घरोघरी मटण शिजतं. आणि मग ती खाण नसते.

"आलता," बाबा म्हणाले. "त्याचं काय?"

"काई नाई. ते तांब्यावाले बी पिलर तं नाई काढून राह्यले?"

मग नरसय्याकाकांनी मांडीवर थाप मारली. "अरे भाबी तो मॅनेजर बन गई!" सगळे हसले. बाबा हसले, विजू हसला, आणि मॅट्रिकच्या वर्गात पहिली येणारी मीही हसले, जरा जास्तच. बाबा डोळे पुसत म्हणाले, "अवं, कागदाच्या कंपनीले कायचे पिलर? मी सोता ठोकून आलो नं!" मायही थोडी हसली. मग तिने तव्यावरची भाकर उलटली. ती एका बाजूने जळली होती. ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

गयाबाईची जागा दिवाळीआधी एका किराणावाल्याने घेतली.

पुढल्या दसऱ्याला पाकीट आलं नाही. पोस्टमन आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा, जणू त्यानेच ते कुठे पाडलं होतं. थोड्या दिवसांनी नरसय्याकाकांचा भाऊ पत्र्याची पेटी आणि बायकोपोरं घेऊन राजूरला आला आणि सगळं कळलं. चांगलं तांबं केव्हाच संपत आलं होतं. मालकांनी यंत्रं विकली, जमीन विकली, होतं नव्हतं ते नफा म्हणून वाटून घेतलं, त्यातलाच आमचा तो दुपटीचा वाटा, आणि फाटकाला कुलूप घातलं. त्या भावाने हे सांगितलं तेव्हा माय चहा गाळत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. तिने त्या भावाला विचारलं, "साखर कमी-जास्त झाली का जी?" बस. बाबा नागपूरला जाऊन आले तेव्हा कळलं की शेअरचे ते कागद रद्दीच्या भावातही कोणाला नकोत.

निवृत्तीनंतर आम्ही वणीला भाड्याने राहायला गेलो. हातात आलेला निवृत्तीचा पैसा माझ्या नर्सिंगच्या शिक्षणात, विजूच्या आजारपणात आणि रोजच्या खाण्यात गेला. मायच्या वाट्याला एकामागून एक भाड्याच्या खोल्या आल्या. कधी मालकाच्या लेकाचं लग्न निघायचं, कधी घर पाडायचं असायचं. दरवेळी कोणीतरी दाराशी येऊन, आता गोड शब्दांत, तेच "उठा" म्हणायचं. तिने कोणत्याही खोलीच्या भिंतीत खिळा ठोकला नाही. पिशव्या, कंदील, बाबासाहेबांची तसबीर, सगळं खिडकीच्या गजांना सुतळीने बांधलेलं असायचं, सोडायला सोपं. आणि बाबा नव्या खोलीत पाऊल टाकताच सवयीने काठी वर करून छत ठोकायला जायचे, आणि तिच्याकडे लक्ष गेलं की काठी खाली घ्यायचे.

ती त्यांना कधी टोचून बोलली नाही. आमच्यादेखत तर नाहीच. मी तेव्हा याला तिचा मोठेपणा समजत होते. लोकही म्हणायचे, काय बाई आहे, एका शब्दाने विषय काढत नाही. बाबा मात्र दिवसेंदिवस भित्रे होत गेले. ती पदर सावरून काही बोलायला तोंड उघडायची तेव्हा ते ताटातला हात थांबवून वाट पाहायचे. ती म्हणायची, मीठ देऊ का.

परवा माझा मुलगा मोबाइल दाखवत म्हणाला, "आई, विजेच्या गाड्यांमुळे तांब्याला सोन्याचे दिवस आलेत. ही कंपनी बघ, दरवर्षी लाभांश वाढवतेय. घेऊ का थोडे?" तो शिकलेला आहे, हिशेब बघून पैसे घालतो, त्याची कंपनी चांगलीही असेल. मी म्हटलं, घे बाबा. पण कंपनी वाटा एकदम जास्त द्यायला लागली तर मला येऊन सांग. तो म्हणाला, ती तर चांगली बातमी असते. मी उठून चहा टाकला.

माय गेली ती अचानक, मी यवतमाळच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा. माझी ड्यूटी चालू असताना फोन आला. सकाळी उठली, कपडे धुतले, दोरीवर टाकले, आत येऊन बसली आणि गेली. मी पोचले तेव्हा दोरीवर तिचं लुगडं वाळलेलं होतं, अगदी स्वच्छ, कारण वणीला त्या भागात ना कोळसा उडायचा ना चुना. ते मला बघवलं नाही.

सगळं आटोपल्यावर पाहुणे पांगले. बाबांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. मी भाकर आणि पातोडीची भाजी पुढे ठेवून बसले होते. ते दाराच्या पायरीवर, काठी मांडीवर आडवी.

"शीले," ते म्हणाले, "माह्या शेवटच्या सालात खाणीत लोखंडी टेकू आनले होते. मी सायबाले म्हटलं, हे नोको. लाकूड आधी बोलते. लोखंड बोलत नाई, सारं वझं उचलते, आन् एक दिस एकदम जाते."

मी ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"तुह्या मायनं मले एक डाव बी म्हटलं नाई वं. एक डाव म्हटलं असतं, तं मी पाय धरले असते तिचे." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुले बोलली का कधी? तुह्याजवळ?"

"बोलली नं बाबा," मी म्हटलं. "लय बोलली."

"काय म्हने?"

"म्हने, ह्या मानसानं माह्यं घर खाल्लं. छत ठोकत बसला, आन् माह्यं आयकलं नाई. लय शिव्या देल्ल्या तुमाले."

बाबांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. "खरं बोलली," ते म्हणाले. "बरं केलं. बोलली नं? बरं केलं तिनं." आणि त्यांनी ताट जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि हळूहळू जेवू लागले.

मायने मला असं काही कधीच सांगितलं नव्हतं.